ओसीडी: चांगला झालेला माणूस परत तपासायला का लागतो?

"अरे तो तर चांगला झाला होता ना, गोळ्या पण टाइमावर घेत होता, मग हे परत काय सुरू झालं?"

ओसीडी असलेल्या घरात हा प्रश्न कधी ना कधी येतोच. विचारणाऱ्याचंही काही चुकत नाही, आपल्या डोक्यात आजार म्हणजे डॉक्टर, कोर्स, ताप उतरला, विषय संपला असंच बसलेलं असतं. ओसीडी तसा संपत नाही. चढतो, उतरतो, सहा-आठ महिने असा गप्प बसतो की माणूस विसरून पण जातो, आणि मग ऐन लग्नाच्या घाईत नाहीतर परीक्षेच्या तोंडावर परत डोकं वर काढतो. पेशंटला वाटतं सगळं पाण्यात गेलं, घरच्यांना वाटतं हा नाटकं करून राहिला, आणि खरं यातलं एकही नसतं. मी डॉक्टर नाही, पण हा आजार मला कॉलेजपासून आहे, आणि तो असा वरखाली का होतो हे मला कुणी सरळ सांगितलंच नव्हतं, म्हणून लिहितोय.

पहिले बेसिक

ओसीडी म्हणजे ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर. जुनी माणसं मंत्रचळ म्हणायची ते हेच. यात दोन गोष्टी असतात. ऑब्सेशन म्हणजे आपल्याला नको असताना डोक्यात घुसणारा आणि चिकटून बसणारा विचार, शंका किंवा चित्र. कम्पल्शन म्हणजे त्या विचाराने जीव घाबरा झाला की तो शांत करायला परत परत केलेली कृती. इथून पुढे मी साधं 'विचार' आणि 'खटाटोप' म्हणतो.

खटाटोप बाहेरून दिसेलच असं नाही बरं का. हात धुणं, कुलूप ओढून बघणं हे दिसतं. पण मनात आकडे मोजणं, मनातल्या मनात देवाची माफी मागणं, सकाळी काय बोललो ते दहादा आठवून बघणं, बायकोला "सगळं ठीक आहे ना" विचारणं, रात्री दोनला मोबाईलवर लक्षणं शोधत बसणं, हे सगळं पण खटाटोपातच येतं. दिवसाचा तासाच्या वर वेळ यात जायला लागला किंवा याच्यापायी काम, शिक्षण, संसार अडायला लागला की डॉक्टर त्याला आजार धरतात. त्यामुळे "मला पण थोडा ओसीडी आहे, मला घर टापटीप लागतं" म्हणणाऱ्या ताईंनी निवांत राहावं. घर आवरलं की त्यांना छान वाटतं. आमच्यासारख्याला छान वगैरे काही वाटत नाही, पाच मिनिटांची सुटका मिळते फक्त.

हा आजार दुर्मिळही नाही. बंगळुरूच्या निम्हान्सने, म्हणजे मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने, २०१५-१६ मध्ये देशातल्या १२ राज्यांत मानसिक आरोग्याचा मोठा सर्व्हे केला, महाराष्ट्र त्यात नव्हता, पण त्यात मोठ्या माणसांमध्ये ओसीडीचं प्रमाण ०.८ टक्क्याच्या आसपास निघालं. म्हणजे शंभरात जवळजवळ एक. एकट्या जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या २०११ ला ४२ लाखांच्या वर होती, त्यातले मोठे माणसं धरले तरी आकडा हजारोंनी जातो. दिसत नाहीत कारण लपवतात.

"पण इतके घाण विचार येतात म्हणजे माणूसच तसा असेल ना?"

नाही. लपवण्याचं मुख्य कारण हेच आहे म्हणून जरा थांबून सांगतो. ओसीडीत नुसती घाणीचीच भीती नसते. ओल्या बाळंतिणीला विचार येतो की माझ्या हातून बाळाला काही झालं तर, आणि ती बाळाला जवळ घ्यायलाच घाबरते. रोज पारायण करणाऱ्या माणसाला देवासमोर बसलं की देवाबद्दल शिव्या सुचतात. भाजी चिरताना सुरीकडे बघून अंगावर काटा येतो.

१९७८ मध्ये रॅकमन आणि डी सिल्वा या दोघा मानसशास्त्रज्ञांनी ठणठणीत लोकांना विचारून पाहिलं, तर बहुतेकांनी कबूल केलं की असले विचार आम्हालाही येतात. विषय पण तेच. फरक एवढाच की साधा माणूस "हट, काहीही सुचतं" म्हणतो आणि चहा प्यायला लागतो, ओसीडीवाला त्या विचारालाच पुरावा समजतो की आपण आतून भयंकर आहोत, आणि मग तो पुरावा खोडायच्या खटाटोपाला लागतो. ज्याला आपल्या बाळाचा जीव सगळ्यात प्यारा त्यालाच बाळाचे विचार छळतात, ज्याची भक्ती खरी त्यालाच देवाचे. आजार बरोबर तिथेच बोट ठेवतो.

स्टार्टरचे फोटो

जळगाव जिल्ह्यात यावलकडे माझा एक मावसभाऊ आहे, केळीची बाग आहे, त्याला विचारूनच हे लिहितोय. शेतीची लाईट कधी दिवसा कधी रात्री, रात्रीची पाळी असली की हा दोन वाजता मळ्यात जाणार, व्हॉल्व्ह फिरवणार, मोटर बंद करणार. मोटरीच्या स्टार्टरचं तांबडं बटण दाबलं, खट्ट आवाज झाला, पाण्याचा आवाज थांबला. सगळं डोळ्यांनी पाहिलं, कानांनी ऐकलं. गाडीला किक मारून फाट्यापर्यंत आला की डोक्यात, नीट बंद झाली ना? चालू राहिली आणि सकाळी सालदाराने, वर्षाच्या बोलीवरच्या गड्याने, हात लावला, करंट बसला, मेला, तर त्याच्या लेकराबाळांचं पाप कुणाच्या डोक्यावर? की गाडी परत मळ्याकडे.

मग कुणीतरी सुचवलं, भो तू मोबाईलमध्ये फोटो काढत जा ना. आयडिया चांगली वाटली. आठवडाभर चालली पण. नंतर त्याच्या गॅलरीत नुसते स्टार्टरचेच फोटो, अंधारात फ्लॅश मारून काढलेले, एकाखाली एक, एकाच बटणाचे. आणि घरी आल्यावर नवीन काम, हा फोटो आजचाच का कालचा, टाइम बघ, झूम कर, बटण आत गेलेलं दिसतंय का सावली आहे, वहिनीला उठव, "तू बघ गं, बंदच आहे ना हे?" वहिनी झोपेत म्हणणार, "हो, बंद आहे, झोपा आता." दहा मिनिटांनी परत.

आता याला मोटरीबद्दल माहिती कमी होती का? उलट त्या स्टार्टरबद्दल त्याच्याइतकी माहिती गावात कुणाला नसेल. जितकं तपासलं तितकी खात्री कमी होत गेली. ते का होतं ते बघू.

हप्ता मागणारा

समजा आठवडे बाजारात तुमचं दुकान लागतं आणि एक दादा येतो, म्हणतो शंभर दे नाहीतर तमाशा करीन. तुम्ही घाबरून देता. तो जातो, हुश्श होतं. पुढच्या बाजाराला तो दीडशे मागतो. तुमचं आणि त्याचं देणंघेणं काहीच नाही, पण इथे पैसे मिळतात एवढं त्याला कळलंय. ओसीडीतली भीती म्हणजे हा दादा आणि खटाटोप म्हणजे हप्ता. मेंदू काय शिकतो, तर "तपासलं म्हणून वाचलो". तपासलं नसतं तरी काहीच झालं नसतं हे शिकायची संधीच त्याला मिळत नाही.

आता एक दिवस तुम्ही ठरवता, हप्ता बंद. तर दादा काय गुपचूप घरी जाईल का? त्या दिवशी तो सगळ्यात जास्त आरडाओरडा करणार, टोपल्या उलथवणार. उपचार सुरू झाल्यावर पहिले दिवस आधीपेक्षा वाईट जातात ते यामुळे, आणि खूप लोकं नेमकं इथेच सोडून देतात, म्हणतात थेरपीने तर वाढलं. तुम्ही टिकलात तर हळूहळू तो दमतो, यायचा कमी होतो. पण कायमचा जात नाही. चार महिन्यांनी, तुम्ही आजारी असताना नाहीतर दुकानात गर्दी असताना, सहज एक चक्कर मारून बघतो, देतात का. त्या दिवशी दिला तर दुकान परत त्याच्या यादीत. आणि दहातून एकदा जरी मिळाला तरी तो दहाच्या दहा वेळा येणार, कारण कधी मिळेल याचा नेम नाही. हे मी मनाचं सांगत नाही, भीती कशी शिकली जाते आणि विसरली जाते यावरच्या प्रयोगांतून हे दिसलेलं आहे, विझलेली भीती पुसली जात नाही, तिच्यावर नवीन शिकवण चढते, आणि ताण आला की खालची जुनी परत वर येते.

म्हणून परत विचार आला म्हणजे आजार परत आला असं नाही. दादा चक्कर मारायला आलाय एवढंच. पुढचं सगळं तुम्ही काय करता यावर.

चक्कर कधी मारतो?

झोप कमी झाली की. ताण आला की, तो आनंदाचा पण चालतो, लग्न, नवीन घर, नोकरी. बायकांमध्ये बाळंतपणाच्या आगेमागे, काहींना पाळीच्या आधीच्या दिवसांत. गोळ्या स्वतःच्या मनाने सोडल्या की तर हमखास.

आणि सणाला. आपल्याकडे खानदेशात श्रावणात कानबाई असते, देवी घरात बसवायचा सण, ज्यांच्या घरी कानबाई बसते त्यांना माहितीय काय धावपळ असते. घर सारवणं-रंगवणं, भांडीकुंडी सगळं धुऊन काढणं, नैवेद्याच्या रोटाचे गहू सव्वाच्या मापाने, दळण वेगळं, शिवाशिव नको, भाऊबंद सगळे गोळा. ज्या बाईला विटाळाचे, अपवित्र झाल्याचे विचार येतात तिच्यासाठी हे आठ दिवस म्हणजे परीक्षाच, कारण एरवी जे घरच्यांना वेड वाटतं तेच या आठवड्यात कौतुकाचं होतं. सासूबाई म्हणतात बघा किती मनापासून करते. तिनं गहू चौथ्यांदा धुतले हे कुणाच्या लक्षात येत नाही, आणि पाणी किती दिवसांआड येतं हे माहिती असून ती टाकी रिकामी करते, मग रात्री त्याच्यावरून भांडण. सण झाला, पाहुणे गेले, तिचं धुणं मात्र चालूच राहतं.

याला माझं उत्तर सोपं आहे, करायला अवघड आहे. सणाच्या आधीच ठरवायचं, घरातली दुसरी सोवळ्यातली बाई गहू जितके वेळा धुते तितकेच वेळा धुवायचे. देवीला त्यांचं चालतं तर हिचं पण चालेल.

"मग फवारणी करून आल्यावर पण हात धुवायचे नाहीत का?"

धुवायचे! कपाशीवर फवारणी करून आला आणि तसाच भाकरीला बसला तर विषबाधा होईल, ती भीती खरी आहे. साबण लावून एकदा नीट हातपाय-तोंड धुवायचं, कपडे बदलायचे, झालं. फरक कुठे ओळखायचा, तर खरी काळजी काम झालं की थांबते, ओसीडीला "झालं" असं वाटतच नाही. शेजारचा शेतकरी, जो सावध पण आहे आणि ज्याला ओसीडी नाही, तो काय करतो ते बघा आणि तेवढंच करा. ओसीडीवाल्याने "मला समाधान होईस्तोवर" हे माप कधी वापरू नये, ते माप फुटकं आहे.

उपचार काय, आणि उतार-चढावात काय करायचं

१९६६ मध्ये लंडनला व्हिक्टर मेयर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने दोन पेशंटवर वेगळं काही करून पाहिलं. त्यांना ज्याची भीती वाटते त्याच्यासमोर त्यांना नेलं आणि खटाटोप करू दिला नाही. तोपर्यंत ओसीडी म्हणजे लाइलाज असाच समज होता, पण दोघींनाही बराच फरक पडला. त्यातूनच पुढे जी थेरपी तयार झाली तिला ईआरपी म्हणतात, एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन. आजही ओसीडीवर बोलण्याच्या उपचारांमध्ये पहिला नंबर तिचाच. एकदम डोंगरावरून ढकलून देत नाहीत, सोप्यापासून अवघड अशी यादी करतात. मावसभावाची यादी घरातल्या पंख्याच्या बटणापासून सुरू झाली होती, मळ्यातला स्टार्टर एकदम खाली होता, आणि फोटो डिलीट करणं त्याच्या पण खाली.

यात दोन गोष्टी लोकांना उलट्या समजतात. एक, विचार थांबवायचा नसतो. डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने १९८७ मध्ये कॉलेजच्या मुलांना सांगितलं की पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आला तर घंटी वाजवा. घंट्याच घंट्या. विचाराला येऊ द्यायचं, बसू द्यायचं, फक्त त्याचं ऐकून उठायचं नाही. दोन, स्वतःला खात्री द्यायची नाही. "मोटर बंदच आहे, बंदच आहे" असं मनात म्हणणं हा पण हप्ताच झाला. त्याऐवजी "असेल बंद, नसेल, बघू सकाळी" इतकं अर्धवट सोडायचं. पोटात खड्डा पडतो. पडू द्यायचा. आणि भीती संपल्यावर झोपायला जाऊ असं म्हणून वाट बघायची नाही, भीती घेऊनच झोपायला जायचं.

वाईट दिवस आला तर? सगळं सोडू नका, एक पायरी खाली या. एरवी एकदाही न तपासता निघत होता आणि आज जमेना, तर निदान दहा मिनिटं उशीर करा, मग जा. किंवा एकदा बघा आणि फोटो काढू नका. तपासलंच तर त्याच्यावर "मी परत शून्यावर आलो" अशी पोथी वाचू नका, त्या पोथीने माणूस पुढचा आठवडा पण घालवतो. पुढची शंका येईलच अर्ध्या तासात, तिच्याशी नीट वागा.

हिशोब पण वेगळा ठेवायचा. मी "आज किती विचार आले" हे लिहीत नाही, त्याच्यावर माझा कंट्रोल नाही. खटाटोपात किती वेळ गेला आणि काय काय टाळलं, एवढंच बघतो, आणि ते पण महिन्याचं. रोजचं मोजायला लागलो तर मोजणं हाच नवीन खटाटोप होतो, आमच्यासारख्यांचं काही सांगता येत नाही! डॉक्टरांकडे यासाठी येल-ब्राऊन नावाची स्केल आहे, १९८९ पासूनची, दहा प्रश्न, शून्य ते चाळीस मार्क. त्यात स्कोअर साधारण ३५ टक्के कमी झाला की उपचार लागू पडला असं धरतात. म्हणजे २८ वरून १८. शून्य नाही. डॉक्टरांच्या हिशोबातसुद्धा थोडा उरतो, मग तुम्ही-आम्ही शून्याचा हट्ट का धरायचा?

स्वीडनमध्ये १४४ पेशंटचा चाळीस वर्षांहून जास्त काळ मागोवा घेतला गेला, आजच्या उपचारांच्या आधीच्या काळातले पेशंट होते ते, १९९९ मध्ये ते छापून आलं. ८३ टक्के लोकांमध्ये सुधारणा झाली होती. अजिबात लक्षण न उरलेले मात्र २० टक्केच. मला हा आकडा वाचून वाईट नाही वाटलं, उलट बरं वाटलं, कारण मी आपला त्या मोठ्या आकड्यात बसतो.

"मन घट्ट कर, सगळं तुझ्याच हातात आहे"

हे म्हणणारे बहुतेक प्रेमानेच म्हणतात. पण ओसीडीवाला आधीच दिवसभर मनाशी कुस्ती करत असतो, घट्टच करून बसलेला असतो, त्याला सैल सोडायला शिकवायचं असतं. "लग्न लावून द्या, सुधरेल" याच्यावर एवढंच, लग्न हा ताण आहे, औषध नाही, आणि समोरच्या पोरीला न सांगता लावलं तर फसवणूक पण आहे. भगताकडे, बाबाकडे नेणाऱ्यांना माझं सांगणं की श्रद्धा ठेवा, पण त्यांनी दिलेला १०८ वेळा जप ओसीडीवाल्याच्या हातात पडला की तो १०८ चा ११,००० कधी होतो कळत पण नाही.

गोळ्यांची सवय लागते का?

यात मुख्य गोळ्या एसएसआरआय नावाच्या, डिप्रेशनवर पण देतात त्या गटातल्या, फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, फ्लुवोक्सामिन अशा, आणि जुनी क्लोमिप्रामिन. झोपेच्या गोळीसारखी यांची नशा किंवा चटक नसते. पण ओसीडीत डोस बहुतेकदा डिप्रेशनपेक्षा जास्त लागतो आणि पूर्ण असर दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात, आपली माणसं तिसऱ्या आठवड्यात "फरक नाही" म्हणून डॉक्टर बदलतात. बरं वाटल्यावर पण निदान वर्ष-दोन वर्षं चालू ठेवायला सांगतात. एकदम सोडल्या तर चक्कर, चिडचिड होते आणि आजार उसळू शकतो, त्यामुळे कमी करायच्या तर डॉक्टरला विचारून, हळूहळू. मेडिकलवाल्याला विचारून नाही. गोळी आवाज कमी करते, हप्ता बंद करायचं काम आपल्यालाच करावं लागतं, म्हणून जमलं तर दोन्ही सोबत.

घरच्यांनी काय करायचं

"बंद आहे ना?" याला "हो" म्हणणं म्हणजे त्याच्या वतीने तुम्ही हप्ता भरणं. पण म्हणून आजपासून एकदम तोंड बंद करू नका, ती शिक्षा होते. चांगला दिवस बघून दोघांनी मिळून ठरवा. आमच्या वहिनीने ठरवून घेतलं की एकदा उत्तर देणार, दुसऱ्यांदा विचारलं तर म्हणणार, "हे तुम्ही नाही, आजार विचारून राहिला, याला मी उत्तर देणार नाही, चहा ठेवू का?" पहिले पंधरा दिवस घरात जबरदस्त भांडणं झाली. नंतर तोच अर्ध्यात थांबून म्हणायला लागला, "जाऊ दे, चहाच ठेव." टोमणे मारू नका, पाहुण्यांसमोर तर अजिबात नको.

जायचं कुठे

जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे आता सरकारी मेडिकल कॉलेज आहे, तिथे मानसोपचार विभागात दाखवता येतं, खासगीत पण मानसोपचारतज्ज्ञ आहेत. ईआरपी शिकलेला थेरपिस्ट आपल्या भागात पटकन सापडत नाही ही खरी अडचण, पण बरेच जण ऑनलाइन घेतात, नुसतं विचारून घ्या की "तुम्ही ओसीडीसाठी ईआरपी करता का". सरकारची टेली मानस हेल्पलाइन १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, नंबर १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. जगण्याचाच कंटाळा आला, मरणाचे विचार यायला लागले तर थांबू नका, घरात कुणाला तरी सांगा आणि त्याच दिवशी हा नंबर लावा.

आणि पहिल्या भेटीत डॉक्टरला फक्त "टेन्शन येतं, झोप येत नाही" एवढंच सांगून येऊ नका, तेवढ्यावर झोपेची गोळी मिळते आणि ओसीडी तसाच राहतो. नेमका कोणता विचार येतो, त्यावर काय करता, दिवसाचा किती वेळ जातो, हे तीन मुद्दे सांगायचे. तोंडाने सांगायची लाज वाटत असेल तर कागदावर लिहून न्या आणि कागद पुढे सरकवा. ते असे कागद रोज वाचतात.